सिरा वाईनची चव आपल्या बोलीत कशी सांगायची?

तेरणाकाठ

मंडळी, दिवाळीत धाकटा भाऊ नाशिकहून लातूरला आला तो शिराझ, म्हणजे सिरा वाईनची एक बाटली घेऊन. तिकडे नोकरीला आहे आणि एका वायनरीत चव घेण्याचा कार्यक्रम असतो, तो करून आला होता. आमच्या घरात वाईन पहिल्यांदाच उघडली. मी, आमचे हे आणि भाऊ, तिघंच गच्चीवर बसलो.

भावाकडे तिथे मिळालेला एक कागद होता. त्यावर या वाईनमध्ये काय काय सापडतं त्याची यादी: ब्लॅकबेरी, व्हायोलेटची फुलं, ऑलिव्ह, बेकन, काळी मिरी. ब्लॅकबेरी मी आयुष्यात खाल्लेली नाही. व्हायोलेट हुंगलेलं नाही. बेकनचा तर प्रश्नच येत नाही. ओळखीची एकच गोष्ट, मिरी. आणि ग्लास नाकाशी नेला तर पहिल्यांदा तीच आली! खलबत्त्यात दोन दाणे ठेचल्यावर येतो तसा ताजा वास. त्यामागून जांभूळ, झाडाखाली पडून फुटलेलं, पार पिकलेलं. घोट घेतल्यावर जीभ खरखरीत झाली आणि एकदम आजोळ आठवलं, तिथे आम्ही बाभळीच्या काडीने दात घासायचो.

ह्यांना मात्र मिरी आलीच नाही. तीनदा ग्लास फिरवून हुंगलं. "तू आधी कागद वाचलास, म्हणून तुला येतीय," असं यांचं म्हणणं. तो वाद अजून मिटलेला नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ज्यांनी सिरा प्यायली आहे त्यांना आपल्या ओळखीचं काय काय सापडलं? आणि हे द्राक्ष आपल्या मराठवाड्यात कुणी लावलंय का?

आगटी

सिरा? आम्ही सत्यनारायणाला केळं घालून करतो तो?

तेरणाकाठ

तो शिरा, भाऊ! त्यालाही नाही म्हणणार नाही, पण हे द्राक्ष आहे.

देवगिरी_एक्सप्रेस

ताई, आधी नावाचं सांगतो. सिरा आणि शिराझ एकच. फ्रान्समध्ये सिरा, ऑस्ट्रेलियात शिराझ. आपल्याकडच्या बाटल्यांवर बहुतेक शिराझच लिहिलेलं असतं. इराणच्या शिराझ शहरावरून हे द्राक्ष आलं अशी गोष्ट फार सांगतात. पण १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी मिळून डीएनए तपासला. आई निघाली मोंद्यूझ ब्लांश हे पांढरं द्राक्ष, बाप द्युरेझा हे काळं. दोघंही आग्नेय फ्रान्सचे. म्हणजे लेकरू तिथलंच.

मी कंपनीच्या कामासाठी दीड वर्ष लियाँला होतो. तिथून रोन नदीच्या काठाने दक्षिणेला पॅसेंजर गाडी जाते. तासाभरात तँ लेर्मिताज नावाचं गाव येतं. स्टेशनाबाहेर पडलं की गावाच्या डोक्यावर एक टेकडी उभी, तीच एर्मिताज. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी ताली, आणि दोन तालींमध्ये द्राक्षं. माथ्याजवळ दगडी देवघराएवढं चॅपेल आहे. तेराव्या शतकात लढाईला कंटाळलेला एक सरदार इथे येऊन एकटा राहिला अशी आख्यायिका आहे, म्हणून नाव एर्मिताज, म्हणजे साधूची मठी. सगळी टेकडी मिळून सव्वाशे-दीडशे हेक्टर. आपल्याकडे एखाद्या लहान गावाचं शिवार याहून मोठं असतं.

मी मार्चमध्ये गेलो होतो. वेलींवर पान नव्हतं, नुसती वाकडी खोडं. मांडव नाही, एकेका वेलीला एकेक लाकडी खुंट रोवून बांधलेलं. माती उचलून पाहिली तर ग्रॅनाइटचा भुगा, आपल्या मुरमासारखा मुठीतून गळून जाणारा. पाऊस पडला तरी पाणी थांबत नाही, मुळी खडकाच्या फटीत खोल जाते. आणि उत्तरेकडून मिस्त्राल नावाचा वारा असा की मला टोपी खिशात घालावी लागली. त्या वाऱ्याने वेल मोडते म्हणून ती खुंटाला बांधायची, आणि त्याच वाऱ्याने पानावरची ओल सुकते म्हणून बुरशी कमी.

वर उत्तरेला अँप्वी गावाजवळ कोत-रोती आहे. नावाचा अर्थ भाजलेली चढण. तिथला उतार काही ठिकाणी इतका उभा की यंत्र चढत नाही, सगळं माणसाच्या हाताने. तिथे सिरासोबत थोडं व्हिओन्ये हे पांढरं द्राक्ष एकाच टाकीत आंबवायची रीत आहे, त्याने वास खुलतो. खाली कोर्नासला मात्र शंभर टक्के सिरा, दुसरं काही चालत नाही.

त्या संध्याकाळी मी क्रोझ-एर्मिताज प्यायलो. ती टेकडीच्या आजूबाजूच्या सपाटीची, खिशाला परवडणारी. ताई, त्यात फळ कमी आणि मिरी, धूर, खारवलेलं काहीतरी जास्त. मला तर हुरड्याचीच आठवण आली.

आगटी

हुरड्याची? मग बोला की सविस्तर. आता हा धागा आमचा झाला.

देवगिरी_एक्सप्रेस

गोवऱ्यांच्या आगटीतून कणीस काढलं, हातावर चोळलं, फुंकर मारली, आणि ते तोंडात टाकायच्या आधी तळहाताचा जो वास येतो ना, तो. कागदावर "बेकन" लिहितात ते बहुतेक हेच. त्यांना धुरावरचं मांस आठवतं, आपल्याला धुरावरची ज्वारी.

पुण्यात_मुक्काम_मूळ_परतूर

नाशिकच्या शिराझ मी बऱ्याच चाखल्या आहेत. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ आहे, त्यांचीच रासा आहे. बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हरची ला रिझर्व्ह ही काबर्ने आणि शिराझ मिसळून केलेली. माझा अनुभव असा की आपल्याकडे फळ पुढे येतं आणि मिरी मागे राहते. ऑस्ट्रेलियाच्या बरोसाची एकदा मिळाली होती, ती आणखी गोडसर वासाची, जांभळाचा मुरंबा आणि वर चॉकलेट. अल्कोहोलही जास्त, साडेचौदा टक्के. तिकडे ही काडी १८३२ मध्ये जेम्स बस्बीने युरोपातून नेली, आणि आज ते तिथलं सर्वांत जास्त लावलं जाणारं काळं द्राक्ष आहे. एकच जात, पण रोनची प्या आणि बरोसाची प्या, बहिणी वाटणार नाहीत.

एक सूचना. बाटलीवर "रूम टेंपरेचरला प्या" असं लिहिलेलं असतं, ते युरोपातल्या खोलीचं. १६ ते १८ अंश. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोली ३५ अंशाला असते. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर नुसत्या अल्कोहोलचा भपका नाकात जातो आणि मिरी, जांभूळ सगळं त्याखाली दबतं. ग्लास एक तृतीयांशच भरा, फिरवायला जागा पाहिजे. आणि पहिला घोट लगेच गिळू नका. तोंडात घोळवा, हिरड्यांना लागू द्या.

गोदामाई

सगळं वाचलं. चांगलं लिहिताय, पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गावात दुकान बंद करायला आम्ही बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे. त्यासाठी दोन वर्षं तहसीलचे हेलपाटे घातले. माझ्या जावेचं घर दारूत गेलं. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा "वाईन म्हणजे दारू नव्हे" असं सगळीकडे ऐकलं. तेवढं इथे कुणी म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही.

तेरणाकाठ

गोदामाई, नमस्कार. तुमचं म्हणणं मला पटतं. वाईन ही दारूच आहे, बाटलीवर साडेतेरा टक्के छापलेलं आहे. आमच्या घरात त्या दिवशी तिघांत अर्धी बाटली झाली, उरलेली भाऊ परत घेऊन गेला. मुलं झोपल्यावर बसलो होतो. कुणी पिणार नसेल त्याला मी आग्रह करणार नाही, आणि तुम्ही गावात जे केलंत त्याला हात जोडते. मला यात ओढ लागली ती एका द्राक्षात इतके वास कसे दडलेले असतात याची. तुम्ही थांबा धाग्यावर, जांभळाबद्दल तरी बोलू.

गोदामाई

थांबते. जांभळाबद्दल माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, आमच्या बांधावर चार झाडं आहेत.

ओलांडा

ताई, दादा, मी सिरा पिकवलाय. औसा तालुका. दुसरा प्रश्न विचारलात म्हणून लिहितो, नाहीतर ही गोष्ट घरात आम्ही काढत नाही.

२००१ ला सरकारचं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं, विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क झाले. पेपरात रोज वाईनच्या बातम्या. थोरल्या दादानं २००६ ला एका वायनरीशी करार केला आणि दोन एकर शिराझ लावली. मुळासाठी डॉगरिज जातीचा खुंट, त्यावर कलमाची शिराझची काडी. आमच्या घरात तोवर सोनाका आणि थॉमसन, ही खायची द्राक्षं. त्याला जीएचे, म्हणजे जिबरेलिक ॲसिडचे डीप द्यायचे, घड त्यात बुडवायचे, विरळणी करायची, मणी फुगवायचा, लांबवायचा. शिराझचं सगळं उलटं. मणी बारीकच राहिला पाहिजे, कारण रंग आणि चव सालीत असते, आणि मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानानं साल जास्त. पाणी तोडायचं, घड कमी ठेवायचे. वडील बागेत यायचे, मणी बघायचे आणि म्हणायचे, "ही द्राक्षं आहेत का गुंजा?"

पण फेब्रुवारीत त्या बागेत सकाळी गेलं की बघत राहावं. निळसर काळा मणी, लांबट गोल, वर राख फुंकल्यासारखी पांढुरकी झाक. बोटात धरून दाबला की बोट जांभळं. रस बिनरंगी, साल तेवढी काळी. तोडणीला आलंय का हे साखरेच्या मीटरवर बघायचंच, पण दादा बी चावून बघायचा. बी हिरवी असली की कडू, तोंड वाकडं होतं. तपकिरी झाली की कुरकुरीत, शेंगदाण्याच्या भाजलेल्या टरफलासारखी. आणि शुगर चोवीसच्या वर गेली की हा मणी वेलीवरच सुरकुतायला लागतो, मग वजन जातं. दोन-तीन दिवसांचाच खेळ असतो.

२००९ ला पहिला भरघोस माल आला. त्याआधी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झालेला, जगात मंदी, हॉटेलं रिकामी. वायनरीच्या टाक्या आधीच्याच वाईननं भरलेल्या. आमच्याकडं गाडी आलीच नाही. रोज सकाळी दादा फोन लावायचा, मग तिकडून फोन उचलायचं बंद झालं. बाजारात नेलं तर बी असलेला बारीक मणी कोण घेतो? बेदाण्याच्या शेडवर टाकून बघितला, बियांमुळं व्यापाऱ्यानं हातात घेऊन खाली ठेवला. पुढच्या छाटणीला दादानं ओलांडे, म्हणजे वेलीचे मांडवावरचे आडवे हात, कापले आणि खुंटांवर सोनाकाच्या काड्या बांधल्या.

विहिरीजवळची एक ओळ मात्र ठेवली. अकरा वेली. का ठेवली ते त्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आता पोरं ती द्राक्षं खाऊन जीभ काळी करून शाळेत जातात.

आमच्या दादानं ती वाईन आजवर चाखलेली नाही. आणि मिरीचं म्हणाल ताई, तर द्राक्षात मला कधी जाणवली नाही. ती वाईनमध्ये वरून घालतात का?

कडवंची_फाटा

ओलांडाभाऊ, वाचून पोटात कालवलं. आमच्या जालन्याच्या पट्ट्यातही तेव्हा वाईनच्या जाती लावायच्या गप्पा होत्या. आम्ही शेततळी केली आणि खायच्या द्राक्षावरच राहिलो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवते ना? काढणीला आलेले घड मांडवाखाली चिखलात. द्राक्ष कोणतंही असो, शेवटचे पंधरा दिवस जीव टांगणीला.

रिफ्रॅक्टोमीटर

ओलांडादादा, मिरी वरून घालत नाहीत. ती सालीतच असते. आणि तेरणाकाठ ताई, तुमच्या घरातला वाद मिटवता येईल असं वाटतं.

ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००८ मध्ये शिराझमधल्या मिरीच्या वासाचं मूळ शोधून काढलं. रोटंडोन नावाचं संयुग. तेच काळ्या मिरीतही असतं, म्हणजे "मिरीसारखा" नव्हे, वास मिरीचाच. एका लिटर रेड वाईनमध्ये १६ नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश.

पण त्याच अभ्यासात दिसलं की चाखणाऱ्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला हा वास येतच नाही. कितीतरी पट जास्त घालून दिलं तरी नाही. बाकीचे सगळे वास त्यांना नीट येतात, फक्त हे एक दार बंद. तेव्हा ताईंना कागदामुळे मिरी आली असं नाही, आणि दादाही खोटं बोलत नाहीत. एकाच बाटलीतून दोघं दोन वाईन पीत होते.

रोटंडोन थंड हवेत पिकणाऱ्या द्राक्षात जास्त साठतं, तापलेल्या उघड्या घडात कमी. म्हणून रोनच्या उत्तर भागातल्या वाईनमध्ये मिरी ठसठशीत. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी आणि माल फेब्रुवारी-मार्चला. घड तयार होतो थंडीत, पण शेवटची गोडी भरते तोवर ऊन तापलेलं असतं. परतूरकरांनी मिरी मागे राहते म्हटलं, त्याचं एक कारण हे असावं.

काष्ठौषधी

अंबाजोगाईहून नमस्कार. मी वैद्य आहे, वाईनमधलं मला काही कळत नाही. पण रोटंडोन हा शब्द वाचून थबकलो. आमच्याकडे मुस्ता म्हणून कंद वापरतात, त्याचं शास्त्रीय नाव सायपरस रोटंडस. काही संबंध आहे का?

रिफ्रॅक्टोमीटर

वैद्यबुवा, थेट संबंध आहे! हे संयुग वाईनमध्ये सापडायच्या कितीतरी आधी त्या कंदातच पहिल्यांदा सापडलं. नाव तिथूनच पडलं.

काष्ठौषधी

मग मंडळी, ऐका. मुस्ता म्हणजे मोथा. बाजारात नागरमोथा म्हणून दोन जवळच्या जातींचे कंद येतात. रोटंडस ही जात तुम्ही सगळ्यांनी उपटलेली आहे. आपल्या काळ्या रानात ऊस असो, हळद असो, द्राक्ष असो, जी तिकोनी दांड्याची हिरवीगार गवती पात कितीही खुरपली तरी आठ दिवसांत वर येते, तोच लव्हाळा. खाली काळी गाठ असते. ती धुऊन, वाळवून, ठेचून हुंगा. दिवाळीच्या उटण्यात जो थंड, मातकट, किंचित तिखट वास असतो त्यात याचा वाटा मोठा.

ओलांडा

काय सांगताय! लव्हाळा? आमच्या बागेत पाच वर्षं फवारतोय त्यावर. त्या अकरा वेलींच्या बुडाशी तर गालिचा आहे लव्हाळ्याचा.

देगलूरचा_दगड

वेली लव्हाळ्यातून मिरी शोषतात असं मात्र कुणी समजू नका हो, नाहीतर उद्या लव्हाळ्याची नर्सरी निघेल.

जाता जाता एक. देवगिरीदादांनी एर्मिताजच्या ग्रॅनाइटचं लिहिलं. सगळा मराठवाडा बेसाल्टचा, पण आमचा नांदेड जिल्ह्याचा दक्षिण-पूर्व कोपरा, देगलूर-बिलोलीकडचा, ग्रॅनाइट-नाईसचा आहे. गोल गुळगुळीत धोंडे, त्यातून झिजून पडणारी रेताड चाळ. भूगोल शिकवतो म्हणून मुलांना दरवर्षी दाखवायला नेतो. द्राक्ष मात्र इकडे कुणी लावत नाही.

पुण्यात_मुक्काम_मूळ_परतूर

दगड सारखा असून भागत नाही ना गुरुजी. एर्मिताज ४५ अक्षांशावर, आपण १८ ते २० वर. तिकडे वेल थंडीत झोपते, आपल्याकडे झोपतच नाही, म्हणून तर वर्षातून दोन छाटण्या. पाऊस चार महिन्यांत कोसळतो, केवड्यासारखा बुरशीचा रोग तेव्हा. परभणीला जानेवारीत पारा पाच अंशांपर्यंत उतरतो, आणि मेमध्ये बेचाळीस. इथली सिरा झालीच तर ती रोनसारखी होणार नाही, ती इथली होईल. आपल्या शेजारी अकलूजजवळ फ्रातेल्ली वायनरीने इटलीची साँजोवेझे जात लावून नाव कमावलं. बालाघाटचा माथा त्याहून फार वेगळा नाही.

कडवंची_फाटा

पण माल घेणार कोण, हे आधी सांगा. ओलांडाभाऊंची गाडी आली नाही, त्याचं उत्तर दगडात नाही आणि हवेतही नाही. वायनरी शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत नसेल तर तोडलेला माल उन्हात कुठवर न्यायचा?

आगटी

आता माझं ऐका, जेवणाचं. काळ्या मसाल्याचं तर्रीदार मटण केलं आणि सोबत शिराझ घेतली. चूक झाली. तिखटाने तोंड पेटलेलं, त्यावर तुरट आणि अल्कोहोल, आग दुप्पट. पुढच्या वेळी उस्मानाबादी बोकडाचंच मटण, पण येसर घालून, मिरची अर्ध्यावर आणि चरबी तशीच ठेवून. मग जमलं. चरबीने जिभेवर जो थर बसतो तो ही वाईन खरवडून काढते आणि पुढचा घास परत पहिल्यासारखा लागतो. औरंगाबादचा नान-खलिया तर यासाठीच आहे असं वाटलं, त्यात मसाल्यांचा सुवास असतो आणि जाळ कमी.

गोदामाई

मी न पिता जांभळाचं सांगते. जांभूळ तीन वेळा तीन चवींचं असतं. लाल असताना नुसतं तुरट, घसा धरतं. काळं झालं की आंबट-गोड, तुरटपणा मागे. आणि रात्रीच्या पावसात भिजून खाली पडलं की दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला एक आंबूस नशीला वास येतो, मुंग्या लागतात. तेरणाकाठ, तुला कोणतं आलं?

तेरणाकाठ

दुसरं, आणि शेवटी शेवटी किंचित तिसरं. गोदामाई, हे त्या कागदावर असायला हवं होतं!

रिफ्रॅक्टोमीटर

तुरटपणा टॅनिनचा. साल, बी आणि लाकडी पिंपातून येतो. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन धरून ठेवतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो, म्हणून जीभ खरखरीत. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर, कातडी कमवायला ती वापरतात. ताईंना दातण आठवलं ते अगदी बरोबर.

तेरणाकाठ

फेब्रुवारी संपत आला, धागा वर आणतेय. ओलांडादादांनी निरोप धाडला होता, "माल तयार आहे, या." रविवारी आम्ही औशाला त्यांच्या शेतावर गेलो. भाचा गाडी चालवायला, सोबत शिराझची एक बाटली आणि वैद्यबुवांनी सांगितल्याप्रमाणे काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला मोथा.

आधी वेलीजवळ. मणी सोलून नुसती साल चावत राहायची असं रिफ्रॅक्टोमीटर यांनी मला कळवलं होतं. पहिल्यांदा गोड, मग तुरट, आणि सात-आठ साली चावल्यावर टाळूच्या मागे पुसटशी मिरी. ओलांडादादांनाही आली. ते तिथेच वाकले, वेलीच्या बुडातला एक लव्हाळा उपटून त्याची गाठ नखाने फोडली आणि हुंगत राहिले. यांना काहीच नाही. आमचे हे त्या पाचातले एक आहेत, हे आता घरात मान्य झालं आहे. मोथ्याच्या पुडीचा वास यांना आला, पण त्यात इतर पुष्कळ वास असतात, तेव्हा ती परीक्षा धरायची नाही.

मग विहिरीच्या कठड्यावर बसलो. बाटली विहिरीच्या पाण्यात दोरीने सोडून गार केली होती. थोरले दादा येतो-येतो म्हणत लांबच उभे होते. वाईन कधीच घेतली नव्हती त्यांनी, माळकरी आहेत का असं मी ओलांडादादांना हळूच विचारलं, तर नाही म्हणाले. शेवटी आले. ग्लास उन्हात धरून कितीतरी वेळ नुसता रंग बघितला, कडेला बघितलं, मध्ये बघितलं. एक घोट घेतला. काही बोलले नाहीत. मग उठून ओळीत गेले, कात्रीने एक घड तोडून आणला आणि ग्लासाशेजारी ठेवला. एक मणी तोंडात, एक घोट, परत एक मणी.

"साल तीच आहे," म्हणाले. "धुराचं मात्र नवीन. ते आमच्या बागेत नव्हतं."

धूर यांनाही आला होता, मिरी न येणाऱ्यांना. दोघं मग त्याच्यावरच अर्धा तास बोलत बसले, आगटीचा का गोठ्यातल्या धुपाटण्याचा.

देवगिरी_एक्सप्रेस

लाकडी पिंप आतून जाळून घेतात, त्याचा असू शकतो. पण थोरल्या दादांना माझा नमस्कार सांगा.

गोदामाई

जूनमध्ये जांभळं खायला सगळे माझ्याकडे या. बाटली घरी ठेवून.

ओलांडा

गोदामाई, नक्की येतो. आणि एक कळवायचं होतं. दादानं काल गड्यांना सांगितलं, एप्रिलच्या खरड छाटणीला विहिरीजवळच्या ओळीच्या काड्या जाळायच्या नाहीत, जुड्या बांधून ओल्या पोत्यात ठेवायच्या. कुणाला हव्या असतील तर आधी सांगा. एका वेलीच्या काड्या तो स्वतःसाठी ठेवणार आहे.